सान्तो, सान्ता आणि पावाचा तुकडा

शब्दांची सहल

मुलांनो, मागच्या अंकात आपण चावी, बटाटा, पगार आणि पाव या पोर्तुगीज पाहुण्यांची ओळख करून घेतली. त्यावर तुमची बरीच पत्रं आली. त्यातलं एक मला फार आवडलं. मुंबईच्या, सहावीतल्या एका मैत्रिणीनं विचारलंय, "बाई, सांताक्रूझमधला सांता आणि नाताळचा सांताक्लॉज एकच का हो?"

प्रश्न फक्कड आहे! त्याचं उत्तर शोधायला आपल्याला थेट स्पेनपर्यंत जावं लागणार. चला तर मग.

आधी सांताक्रूझ. हे नाव पोर्तुगिजांचं. 'सांता' म्हणजे पवित्र आणि 'क्रूझ' म्हणजे क्रूस. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, दोघींची आई लॅटिन. त्यामुळे स्पॅनिशमध्येही हे नाव जवळजवळ असंच आहे. आता सांताक्लॉज. तो आला हॉलंडहून. संत निकोलसला डच लोक 'सिंटरक्लास' म्हणतात. काही डच लोक अमेरिकेत जाऊन राहिले, त्यांचा सिंटरक्लास इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी पडला आणि त्याचा सांताक्लॉज झाला. म्हणजे दोघे एक नव्हेत, पण लांबचे भाऊबंद खरे. कारण 'सांता' काय नि 'सिंट' काय, दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'सांक्तुस' या एकाच शब्दापासून निघालेत.

खरी गंमत पुढेच आहे. स्पॅनिशमध्ये 'सान्ता' हा शब्द स्त्रीलिंगी आहे बरं का! पुरुष असेल तर 'सान्तो', बाई असेल तर 'सान्ता'. पांढऱ्या दाढीच्या आजोबांना 'सान्ता' म्हणायचं म्हणजे आपण एखाद्या महाराजांना 'साध्वी' म्हणण्यासारखंच झालं. स्पेनमध्ये या आजोबांना 'पापा नोएल' म्हणतात. आणि तिथली मुलं भेटवस्तूंची वाट बघतात ती मुख्यतः ६ जानेवारीची. त्या दिवशी उंटांवर बसून पूर्वेकडचे तीन राजे येतात आणि भेटी ठेवून जातात, असं मानतात.

घरात नकाशाचं पुस्तक असेल तर आता उघडा. अमेरिकेचा पश्चिम किनारा काढा. सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो, सॅन होजे, सांता बार्बरा... सापडली का? हा सगळा कॅलिफोर्निया आधी स्पेनच्या आणि मग १८४८ पर्यंत मेक्सिकोच्या ताब्यात होता, म्हणून गावांना नावं स्पॅनिश. इंग्रजीतला 'सॅन' म्हणजे स्पॅनिशमधला 'सान'. 'सान्तो' हा शब्द नावाच्या आधी आला की त्याचं शेपूट गळतं आणि नुसतं 'सान' उरतं. सान खोसे, सान ख्वान, सान फ्रान्सिस्को. (स्पॅनिशमध्ये इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार आपल्या 'ख'च्या जवळ जाणारा होतो. म्हणून होजे नव्हे, खोसे.) पण ज्या संताचं नाव 'तो' किंवा 'दो' या अक्षरानं सुरू होतं, त्याचं शेपूट कापत नाहीत. सान्तो तोमास, सान्तो दोमिंगो. डोमिनिकन रिपब्लिक या देशाच्या राजधानीचं नाव सान्तो दोमिंगोच आहे, बघा नकाशात. बायकांच्या नावाआधी मात्र 'सान्ता' अख्खंच राहतं. सान्ता क्लारा, सान्ता तेरेसा.

लॉस एंजेलिस तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक असणार. त्याचा मूळ उच्चार 'लोस आंखेलेस', म्हणजे देवदूत. आणि चिलीची राजधानी सान्तियागो? तिथे 'सान्त' आणि 'यागो' हे दोन शब्द इतके घट्ट चिकटलेत की सांधा दिसतच नाही. येशूचा एक शिष्य याकोब, त्याचं हे जुनं स्पॅनिश रूप.

एव्हाना कोणाच्या तरी मनात आलंच असेल, की आपला 'संत' आणि त्यांचा 'सान्तो' हेही नातेवाईक असणार! ऐकायला तसंच वाटतं, अर्थही जुळतो. पण नाही हं. आपला संत आला संस्कृतमधल्या 'सत्' या शब्दाच्या घराण्यातून. 'सत्' म्हणजे जे आहे ते, खरं, चांगलं. आणि 'सांक्तुस' म्हणजे पवित्र ठरवलेला, विधी करून वेगळा राखलेला. दोन निरनिराळ्या घरांतली मुलं, चेहरे मात्र जुळ्या भावांसारखे. भाषांमध्ये असं पुष्कळदा होतं.

अर्थातला हा बारीक फरक मात्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आपल्याकडे ज्ञानोबा, तुकोबा, जनाबाई यांना संत कोणी ठरवलं? कोणत्याच कचेरीनं नाही. लोकांनी म्हटलं, लोकांनी त्यांची गाणी गायली, झालं. कॅथलिक ख्रिस्ती धर्मात मात्र 'सान्तो' ही पदवी रोमहून यावी लागते. त्याच्या पायऱ्या असतात. चौकशी सुरू झाली की त्या माणसाला म्हणायचं 'सिएर्वो दे दिओस', देवाचा सेवक. मग 'वेनेराब्ले', म्हणजे वंदनीय. मग 'बेआतो', म्हणजे धन्य. आणि सगळ्यात शेवटी 'सान्तो'. या पायऱ्या चढायला कधी दहावीस वर्षं लागतात, कधी शेकडो. चढणारा बिचारा तोवर कधीच निघून गेलेला असतो!

१२ मार्च १६२२ या दिवशी रोममध्ये एकदम पाच जणांना संतपद मिळालं. त्यातले चौघे स्पेनचे आणि एक इटलीचा. रोमच्या लोकांनी तेव्हा खवचटपणे म्हटलं म्हणे, की आज चार स्पॅनिश माणसं आणि एक संत जाहीर झाले! त्या चौघांपैकी एकाला आपण चांगलं ओळखतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चमध्ये ज्याचं शव जपून ठेवलंय तो फ्रान्सिस झेवियर. १५०६ साली तो स्पेनच्या उत्तरेकडच्या नावारा भागात, खाव्येरच्या गढीत जन्मला. ('खाव्येर' हा मूळचा बास्क भाषेतला शब्द, अर्थ 'नवं घर'. जगभरात झेवियर नावाची हजारो मुलं आहेत, त्यांना सांगा, खूश होतील.)

त्या पाचांतला दुसरा एक मला जास्त जवळचा वाटतो. सान इसिद्रो लाब्रादोर. 'लाब्रादोर' म्हणजे शेतकरी. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी माद्रिदमध्ये तो दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होता. इतर गड्यांनी मालकाकडे चुगली केली, की हा सकाळी प्रार्थना करत बसतो आणि कामाला उशिरा येतो. मालक लपून बघायला गेला. बघतो तर काय, इसिद्रो प्रार्थनेत आणि त्याचं औत देवदूत हाकतायत! आता सांगा, तुम्हांला कोणाची आठवण झाली? बरोबर, जनाबाईची. तिच्याबरोबर जात्यावर दळायला विठोबा बसायचा ना, तशीच ही गोष्ट. दोन्ही गोष्टी एकमेकींना न भेटता जन्मल्या. कष्ट करणाऱ्याच्या मदतीला देव यावा असं लोकांना सगळीकडेच वाटतं. इसिद्रोची बायको मारिया हीसुद्धा पुढे 'सान्ता' झाली. १५ मे हा त्याचा दिवस. त्या दिवशी माद्रिदमध्ये जत्रा भरते, लहानमोठे सगळे जुन्या पद्धतीचे कपडे घालून फिरतात.

असे हे सान्तो स्पॅनिश बोलीत जिथे तिथे घुसलेत. 'चुटकीसरशी' म्हणायचं असेल तर ते म्हणतात 'एन उन सान्त्यामेन'. लॅटिन प्रार्थनेच्या शेवटी 'सांक्ती, आमेन' असे शब्द येतात, ते घाईघाईनं पुटपुटायला जेवढा वेळ लागतो तेवढा! आपल्या मुलाला रागावणारी आई म्हणते, 'तोदो एल सान्तो दिया' टीव्ही बघतोस. शब्दशः 'अख्खा पवित्र दिवस'. दिवस पवित्र आणि आई मात्र संतापलेली. एखाद्याचं काम पहिल्या फटक्यात झालं की 'लेगार इ बेसार एल सान्तो', म्हणजे आला आणि लगेच संताच्या मूर्तीचं चुंबन घेऊन मोकळा झाला. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत जे तासन्‌तास उभे राहिलेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. मेक्सिकोत तर एका कुस्तीगीराचंच नाव 'एल सान्तो' होतं. चंदेरी मुखवटा घालून लढायचा, सिनेमातही मुखवटा घालूनच काम करायचा. १९८४ साली तो वारला, तेव्हा त्याला त्या मुखवट्यासकट पुरलं.

मुलींच्या नावांचीही अशीच मजा. येशूच्या आईला, मारियेला, भक्तांनी अनेक विशेषणं लावली आणि ती विशेषणंच मुलींची नावं झाली. कोन्स्वेलो म्हणजे सांत्वन, दोलोरेस म्हणजे दुःखं, पिलार म्हणजे चक्क खांब! सोकोर्रो म्हणजे मदत. पण 'वाचवा, वाचवा' असं ओरडायचं असेल तरीही 'सोकोर्रो!' असंच ओरडतात. त्या नावाच्या मुलीची शाळेत काय थट्टा होत असेल, कल्पना करा. आणि मेर्सेदेस म्हणजे कृपा. हो हो, तीच ती मर्सिडीज गाडी! एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याची मुलगी मेर्सेदेस, १८८९ साली जन्मलेली. तिच्या नावावरून गाडीचं नाव पडलं. 'मेर्सेद' म्हणजे कृपा या शब्दानं आणखी एक मोठं काम केलंय. जुन्या काळी मोठ्या माणसाशी बोलताना स्पॅनिश लोक म्हणायचे 'व्वेस्त्रा मेर्सेद', आपली कृपा. रोज रोज म्हणून ते झिजत झिजत झालं 'उस्तेद'. आज स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे 'तू'च (खरंच, अगदी आपल्यासारखं!) आणि 'आपण' म्हणजे 'उस्तेद'. स्पॅनिश माणूस दुकानदाराला अदबीनं हाक मारतो तेव्हा नकळत त्याची कृपा काढत असतो.

हे झाले देवाघरचे शब्द. पण सान्तो ही पदवी रोमहून यायची, त्याला शेकडो वर्षं लागायची. मग गल्लीतल्या चांगल्या माणसाला काय म्हणायचं? शेजारणीच्या तापलेल्या पोराला रात्री दवाखान्यात नेणारा, हिशेबात दहा रुपये जास्त आले तर परत आणून देणारा? त्याच्यासाठी रोमला कोण जातो! तिथे लोकांनी आपले आपले शब्द केले. आणि मला विचाराल तर स्पॅनिशमधले सगळ्यात गोड शब्द तेच.

सगळ्यात आधी 'उन पेदासो दे पान'. 'पान' म्हणजे पाव आणि 'पेदासो' म्हणजे तुकडा. फार मऊ मनाच्या, कोणाचंही वाईट न चिंतणाऱ्या माणसाला स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'तो पावाचा तुकडा आहे.' मागच्या वेळी आपण बघितलं होतं, की आपला पाव पोर्तुगीज 'पांव'वरून आला. स्पॅनिश 'पान' त्याचाच सख्खा चुलत भाऊ. वडापावमधला पाव हातात घेऊन पाहा जरा. दाबला की दबतो, कोणाच्याही ताटात चालतो, गरिबाला परवडतो, मोडून दोघांत वाटता येतो. चांगल्या माणसाला याहून चांगली उपमा कुठून आणायची? स्पेनमध्ये पावाचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घ्यायची जुनी पद्धत होती. आपण पुस्तकाला पाय लागला की पाया पडतो ना, तसंच. (आपल्याकडे 'देव पावला' म्हणतात त्या पावण्याशी या पावाचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुमची पत्रं येतील!)

दुसरा शब्द 'ब्वेना खेन्ते'. 'ब्वेना' म्हणजे चांगली आणि 'खेन्ते' म्हणजे माणसं, लोक. पण हे म्हणतात एकट्या माणसाला! 'तो चांगली माणसं आहे.' व्याकरणाच्या तासाला असं वाक्य लिहिलंत तर मी लाल शाईनं गोल करीन. पण विचार केला तर किती छान आहे. एकाच माणसात पुष्कळ माणसं मावलीत.

मदत केली की म्हणतात 'एरेस उन सिएलो', तू आकाश आहेस. किंवा 'एरेस उन सोल', तू सूर्य आहेस. आपल्या वैशाखात कोणी कोणाला सूर्य म्हटलं तर भांडण व्हायचं! पण हिवाळ्यात गारठणाऱ्या स्पेनच्या डोंगराळ मुलखात ऊन म्हणजे माया. 'सोन्याचं काळीज' त्यांच्याकडेही आहे, आणि देवदूत तर आहेच. आणि 'आमाब्ले' म्हणजे दयाळू, सौजन्यशील. त्याचा मुळातला अर्थ 'ज्याच्यावर प्रेम करावं असा'.

स्पेनचा सगळ्यात प्रसिद्ध नायक दोन किखोते. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर धावून जाणारा तो लुकडा सरदार, तुम्ही त्याची गोष्ट वाचली असेल. सेर्वान्तेसनं तिचा पहिला भाग १६०५ साली आणि दुसरा १६१५ साली लिहिला. गोष्टीच्या शेवटी त्याचं वेड उतरतं, तो आजारी पडतो आणि सांगतो, मी काही कोणी वीर नव्हे, मी साधा आलोन्सो किखानो. आणि त्या साध्या माणसाला त्याच्या चांगल्या वागण्यावरून लोकांनी एक पदवी दिलेली असते, 'एल ब्वेनो', म्हणजे चांगला. एवढ्या मोठ्या पुस्तकात त्याची खरी कमाई काय, तर हा एवढासा शब्द.

ढोंग्यांसाठीही शब्द आहेत, त्यांना थोडक्यात उरकू या. 'सान्तुर्रोन' म्हणजे देवपूजेचं अवडंबर माजवणारा, आपल्या बगळ्यासारखा. आणि वरवर गरीब, आतून पक्का बेरकी असेल तर 'मोस्कीता म्वेर्ता', म्हणजे मेलेली छोटी माशी! मेली आहे म्हणून हात लावायला जावं, तर भुर्रकन उडून जाते.

आता येते ती गोष्ट मला थोडी खुपते. स्पॅनिशमध्ये 'बेन्दितो' म्हणजे देवाचा आशीर्वाद लाभलेला. किती सुंदर शब्द! पण एखाद्याला 'तो बेन्दितो आहे' असं म्हटलं तर त्याचा अर्थ होतो, भोळसट आहे, डोक्यानं जरा कमीच आहे. 'इनफेलीस' म्हणजे दुःखी. तोही असाच घसरला आणि चांगल्या स्वभावाच्या, दबून राहणाऱ्या माणसाला चिकटला. आणि 'इनोसेन्ते' म्हणजे निष्पाप. हेरोद राजानं बेथलेहेमची तान्ही बाळं मारली अशी बायबलात कथा आहे. त्या निष्पाप बाळांची आठवण म्हणून २८ डिसेंबर पाळतात, 'सान्तोस इनोसेन्तेस'चा दिवस. आणि त्याच दिवशी स्पेनमध्ये आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत काय करतात, ठाऊक आहे? एप्रिल फूल! पाठीवर कागदाची बाहुली चिकटवतात, खोट्या बातम्या देतात आणि फसलेल्याला ओरडून सांगतात, 'इनोसेन्ते! इनोसेन्ते!' निष्पाप म्हणजे बावळट.

हसू नका. आपलीही भाषा काही मागे नाही. भोळा हे शंकराचं नाव आणि वर्गात 'ए भोळ्या' ही शिवी. 'स्वभावानं गरीब' ही स्तुती, पण 'गरीब गाय' म्हटलं की पोरं खिदळतात. इंग्रजीत तुम्ही 'सिली' शिकलात, म्हणजे मूर्ख. त्याचा शेकडो वर्षांपूर्वीचा अर्थ होता 'सुखी, धन्य'. निरनिराळ्या भाषा, पण चांगल्या माणसाचा शब्द खाली घसरतो तो नेमका त्याच वाटेनं. मी पुष्कळ विचार केला, असं का होत असेल? मला वाटतं, दोष शब्दाचा नाही. एखादा माणूस देत राहतो, बदल्यात काही मागत नाही. हे बघून बाकीच्यांना आपलं आपल्यालाच जरा कमी वाटायला लागतं. मग त्याला वेडा ठरवला की मोकळं वाटतं!

माझ्या वर्गात मागे एक मुलगा होता, चौथीत. कोणी पेन्सिल मागितली की द्यायचा. नळावर रांगेत कोणी घुसलं तर हसून मागे सरकायचा. डब्यातली पोळी अर्धी दुसऱ्याची. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'भोळ्या'. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा शेजारच्या मुलीनं खोडरबर मागितला, तर यानं कंपासपेटी झाकून घेतली. मी मधल्या सुट्टीत हळूच विचारलं. तो म्हणाला, "बाई, चांगलं वागलं की सगळे येडं समजतात." नऊ वर्षांचं पोर! मला पटकन काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे, त्याची राजधानी लिमा. तिथे १५७९ साली मार्तीन जन्मला. वडील स्पॅनिश सरदार, आई आफ्रिकी वंशाची, गुलामीतून सुटलेली. बाळाचा रंग आईवर गेला. वडिलांनी बरीच वर्षं त्याला आपलं मूल म्हणायचं टाळलं. अशा मिश्र रक्ताच्या मुलांना तिथे 'मुलातो' म्हणत, आणि ते काही प्रेमानं म्हणत नसत. मार्तीन बाराएक वर्षांचा झाला तेव्हा न्हाव्याकडे उमेदवारी करू लागला. त्या काळचे न्हावी नुसते केस कापत नसत. जखमा बांधायच्या, दात काढायचे, औषधी पाल्याचे काढे करायचे, हे सगळं तेच करायचे. मार्तीन ते झटपट शिकला.

पंधराव्या वर्षी तो दोमिनिकन साधूंच्या मठात गेला. पण आफ्रिकी किंवा तिथल्या मूळ रहिवाशांच्या वंशातल्या माणसाला पुरता साधू होता येणार नाही असा नियम होता. मग त्याला काय काम दिलं? झाडू मारायचं. म्हणून आजही त्याच्या मूर्तीच्या हातात झाडू असतो आणि लोक त्याला लाडानं 'फ्राय एस्कोबा' म्हणतात, झाडूवाले ब्रदर! पुढे मठाच्या दवाखान्याचं काम त्याच्याकडे आलं. श्रीमंत स्पॅनिश असो की गुलाम असो, औषध तेच आणि माया तीच. एकदा रस्त्यावर पडलेल्या, जखमांनी भरलेल्या भिकाऱ्याला त्यानं आपल्याच बिछान्यावर निजवलं. एक साधू रागावला, बिछाना घाण झाला म्हणून. मार्तीन त्याला म्हणाला, अशा अर्थाचं काहीतरी, की चादर साबणानं धुता येईल, पण या माणसाला बाहेर ठेवलं असतं तर ते कशानं धुतलं असतं?

त्याला शिव्याही खाव्या लागल्या. रंगावरून, जन्मावरून, मठातल्याच लोकांकडून. एकदा मठावर कर्ज झालं आणि प्रमुख साधू मौल्यवान वस्तू विकायला निघाले, तेव्हा हा धावत गेला आणि म्हणाला, त्यापेक्षा मलाच विका, असंही सांगतात.

'बेन्दितो' म्हणावा असाच दिसतो की नाही हा? पण थांबा. हाच माणूस दवाखाना चालवायचा, कोणत्या दुखण्याला कोणता पाला ते जाणायचा, रोज दारात येणाऱ्या भुकेल्यांना जेवू घालायचा, आणि लिमातल्या पैसेवाल्यांकडून देणग्या काढून त्यानं अनाथ मुलांसाठी आश्रम उभा करवला. दुसऱ्याच्या खिशातून चांगल्या कामाला पैसा काढायचा म्हणजे भोळ्याभाबड्याचं काम नव्हे! शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी वर्गणी गोळा करून बघा, म्हणजे कळेल.

उंदरांची गोष्ट तर त्याच्या प्रत्येक चित्रात असते. दवाखान्यातल्या चादरी उंदीर कुरतडायचे. साधूंनी विष घालायचं ठरवलं. मार्तीननं एका उंदराला हातात घेऊन समजावलं, की सगळ्यांना घेऊन बागेत जा, जेवण मी आणून देतो. आणि म्हणे उंदरांची रांगच्या रांग बागेकडे चालू लागली! कुत्रा, मांजर आणि उंदीर त्यानं एका ताटलीत जेवायला बसवले असंही सांगतात. (पेरूमध्ये उंदराला 'पेरिकोते' म्हणतात. स्पेनमध्ये म्हणाल तर कोणाला कळायचं नाही, तिथे 'रातोन'.) हे खरं घडलं का, असं माझ्या वर्गातही लगेच विचारलं गेलं. मी त्यांना उलट विचारलं, ज्या गावात गोरा, काळा आणि तिथला मूळ रहिवासी एका पंगतीला बसत नव्हता, त्या गावात लोकांनी नेमकी अशी गोष्ट का सांगितली असेल?

मार्तीन १६३९ साली, ३ नोव्हेंबरला वारला. त्याच्या अंगावरच्या झग्याचा एखादा तुकडा तरी मिळावा म्हणून लोकांची झुंबड उडाली. लिमाच्या गोरगरिबांनी त्याला त्याच दिवशी सान्तो म्हणून टाकलं होतं. रोमनं 'बेआतो' म्हटलं १८३७ साली आणि 'सान्तो' म्हटलं १९६२ साली. वजाबाकी करा पाहू. तीनशे तेवीस वर्षं!

माझ्या वर्गातल्या त्या मुलानं गोष्ट संपल्यावर एकच प्रश्न विचारला, "बाई, त्याला शिव्या देणाऱ्यांची नावं काय होती?" मी म्हटलं, पुस्तकात नाहीत रे ती कुठे. तो काही बोलला नाही. त्यानं कंपासपेटी उघडली आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला. शेजारणीनं आपली पेन्सिलही पुढे केली, ती त्यानं घेतली.

आता तुमचं काम. रिकाम्या जागी 'सान', 'सान्तो' की 'सान्ता' ते लिहा : (१) --- पेद्रो (२) --- तोमास (३) --- बार्बरा (४) --- तोरिबियो (५) --- अन्तोनियो. हे सोपं आहे, चिटींग करू नका. जरा अवघड काम असं, की तुमच्या घरात, गावात, बोलीभाषेत चांगल्या माणसाला काय काय म्हणतात ते आजीआजोबांना विचारून लिहून पाठवा. कोकणातले, खानदेशातले, वऱ्हाडातले, गोव्यातले शब्द मला हवे आहेत. त्यांतल्या कोणत्या शब्दाची आता चेष्टा होते, त्याच्यापुढे फुली करा. आणि सांताक्रूझच्या मैत्रिणी, तू तुझ्या शाळेच्या आसपासच्या रस्त्यांच्या आणि चर्चच्या नावांत 'सांता', 'सेंट' आणि 'सांव' किती सापडतात ते मोजून कळव. 'सांव' म्हणजे काय, ते मी आज सांगत नाही.

पत्रावर इयत्ता लिहायला विसरू नका.

— तुमच्या बाई